कार्बनचा हिशेब करून देणारी सेवा: एका फाउंड्रीतील वर्षभराचा अनुभव

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आहे. वर्षाला सुमारे ६,००० टन विक्रीयोग्य कास्टिंग (वितळलेले लोखंड साच्यात ओतून केलेले भाग) आम्ही बनवतो, त्यांपैकी बहुतेक पंपांच्या व ट्रॅक्टरच्या कारखान्यांना आणि थोडी जर्मनीतील एका ग्राहकाला जातात. हिशेब आणि सरकारी पूर्तता यांचे काम मी गेली १७ वर्षे येथे पाहतो. गेल्या वर्षी आम्ही कार्बन उत्सर्जनाचा हिशेब करून देणारी एक सेवा वार्षिक वर्गणीने घेतली. दोन दिवसांचे प्रशिक्षण, ऑनलाइन सॉफ्टवेअर आणि वर्षअखेरचा अहवाल अशा तीन गोष्टींचे मिळून ३ लाख ८० हजार रुपये अधिक जीएसटी, असा तो व्यवहार होता. याच धाटणीच्या सेवा आता अनेक कंपन्या विकतात आणि माझ्या तक्रारी त्यांतल्या बहुतेकींना लागू पडतील असे मला वाटते, म्हणून कंपनीचे नाव येथे देत नाही.

ही सेवा घेण्याची वेळ का आली, ते आधी सांगतो. आमचा एक मोठा ग्राहक शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने मे २०२१ मध्ये बीआरएसआर हा शाश्वततेचा अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना तो सक्तीचा केला. जुलै २०२३ मध्ये त्यातील निवडक निकषांचे ‘बीआरएसआर कोअर’ आले आणि पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असे त्यात ठरले. पुढे सेबीने पुरवठादारांच्या बाबतीत मुदत वाढवली, खरेदी-विक्रीत २ टक्के वा त्याहून अधिक वाटा असलेल्यांपुरताच प्रश्न ठेवला आणि ही माहिती देणेही ऐच्छिक केले. ही सवलत ग्राहकाच्या खरेदी विभागापर्यंत मात्र पोहोचलेली दिसली नाही. ४३ प्रश्नांची एक्सेल फाइल आमच्याकडे आली ती आलीच, आणि तिच्यातील ‘स्कोप १’, ‘स्कोप २’ हे शब्द आमच्या कार्यालयात कोणालाच नीट उमगेनात.

प्रशिक्षणाविषयी मी आधी बोलतो, कारण या सेवेचा सर्वांत चांगला भाग तोच होता. पहिला दिवस मात्र बराचसा वाया गेला. वितळणारे हिमनग, पॅरिस करार, २०७० पर्यंत नेट झिरो गाठण्याची भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे केलेली घोषणा हे सारे खरे असले, तरी फर्नेसवरून बोलावून आणलेल्या सुपरवायझरला त्याचे काय करायचे ते कळेना आणि दुपारनंतर खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीने एक तरुण अभियंता पाठवला. त्याने प्रोजेक्टर बंद केला आणि सगळ्यांना घेऊन कारखान्यात फिरायला सुरुवात केली. जनरेटरपाशी थांबून त्याने विचारले, “डिझेल येथे जळते की आणखी कोठे?” येथेच, असे वायरमन म्हणाला. “मग हा स्कोप १. आपल्या आवारात, आपल्या ताब्यातल्या यंत्रात जे जळते किंवा गळते ते सारे स्कोप १.” फर्नेसच्या पॅनेलकडे बोट करून तो पुढे म्हणाला, “येथे धूर दिसत नाही, कारण कोळसा दुसरीकडे जळतो आणि वीज आपण घेतो. हा स्कोप २.” मग गेटबाहेर उभ्या असलेल्या भाड्याच्या ट्रककडे वळून, “आणि याचे डिझेल जळते आपल्या मालासाठी, पण गाडी आपली नाही. हा स्कोप ३.” या वर्गीकरणाचे जगभर मानले जाणारे मूळ म्हणजे जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या नियमावलीचे कॉर्पोरेट मानक. त्याची पहिली आवृत्ती २००१ ची आणि सुधारित २००४ ची. स्कोप ३ चे १५ प्रकार सांगणारे वेगळे मानक २०११ मध्ये आले. या तारखा आमच्यापैकी कोणाला आज आठवत नसतील, पण जनरेटर, पॅनेल आणि ट्रक ही त्रयी वायरमनलाही पाठ आहे.

आमच्या फाउंड्रीत कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) बनवताना वाळूत सोडियम सिलिकेट मिसळतात आणि मग तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडून कोअर कडक करतात. कोअर शॉपच्या दारात त्या वायूचे सिलिंडर ओळीने उभे असतात. आम्ही तो वायू विकत घेतो आणि हवेत सोडतो, हे इतकी वर्षे आमच्या डोळ्यांसमोर असूनही सुचले कोणाला नव्हते. अभियंत्याने सिलिंडरवरील वजन वाचले, महिन्याला किती लागतात ते स्टोअरकीपरला विचारले आणि तेथल्या तेथे हिशेब केला: ३० किलोचे २५ सिलिंडर, म्हणजे वर्षाला सुमारे ९ टन. त्यातला काही वायू सिलिकेटशी संयोग पावून कोअरमध्येच राहतो; पण तो भाग मोजता येत नसेल, तर सारा वायू हवेत गेला असे धरावे आणि तसे धरल्याचे अहवालात लिहावे, हा त्याचा सल्ला मला हिशेबनीस म्हणून फार पटला. गंमत अशी की, त्याच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये या नऊ टनांसाठी रकाना नव्हता. तीन महिने ते ‘इतर इंधन’ म्हणून जात राहिले.

सर्व हरितगृह वायू एकाच मापात कसे आणतात, हेही त्याने स्टोअरमध्येच समजावले. पॅनेल रूमच्या एसीत भरायला आणलेला आर-२२ चा छोटा सिलिंडर त्याने उचलला. या वायूचा एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या मुदतीत तो जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला सुमारे १,७६० किलो कार्बन डायऑक्साइड लागेल. या पटीला तापमानवाढ क्षमता म्हणतात, आणि तिने गुणून आलेला आकडा ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ म्हणून लिहितात. आमच्या एसीत त्या वर्षी चार किलो वायू भरावा लागला होता. म्हणजे तेवढाच गळला, आणि त्याचे सात टन झाले. मिथेनची पट आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय मंडळाच्या चौथ्या अहवालात २५ आणि पाचव्यात २८ आहे. देशांचे अहवाल पॅरिस कराराच्या नियमांप्रमाणे पाचव्या अहवालातील पटी वापरतात. सॉफ्टवेअर चौथ्यावर अडकले होते. आमच्या आकड्यांत त्याने फरक पडला नाही, पण दूध डेअरीला किंवा मळी हाताळणाऱ्या साखर कारखान्याला पडला असता.

आता सॉफ्टवेअर. दिसायला ते देखणे आहे: हिरव्या रंगाची चक्रे, वर-खाली जाणारे बाण, एका कळीवर निघणारा पीडीएफ. जून महिन्यात आम्ही मागील आर्थिक वर्षाची सारी बिले त्यात भरली आणि पहिला आकडा आला. विजेचे उत्सर्जन १,५२१ टन. मालकांनी पडद्याचा फोटो काढून पुण्यातल्या मुलाला पाठवला आणि मला म्हणाले, “बघा, आपण उगाच घाबरत होतो.”

मला तो आकडा गोड वाटण्याऐवजी खटकला. कारण साधे होते. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला आमच्याकडे सुमारे ६०० युनिट लागतात, हे रोजच्या हीट शीटवरून, म्हणजे भट्टीच्या नोंदीवरून, कोणीही सांगेल. विक्रीयोग्य मालाच्या सुमारे दीडपट धातू वितळवावा लागतो, कारण रनर, रायझर (साच्यातील धातूच्या वाटांत गोठलेले, कापून काढायचे तुकडे) आणि बाद माल परत भट्टीतच जातो. कॉम्प्रेसर आणि सँड प्लांटची वीज वेगळी. एवढी वीज कोळशाचा भरणा असलेल्या ग्रिडमधून, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यातून, घेऊन टनामागे पाव टन उत्सर्जन कसे निघेल? मी उलटा भागाकार केला. १,५२१ टनांना भरलेल्या युनिटांनी भागले, तर प्रति युनिट ०.२०७ किलो आले. मग सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या उपमेनूत शिरून पाहिले. देश या रकान्यात मुळातच ‘युनायटेड किंग्डम’ निवडलेले होते.

भारतातील ग्रिडचा गुणांक, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड सुटतो तो आकडा, केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते आणि तो विनामूल्य मिळतो. २०२३-२४ साठी, अक्षय ऊर्जा धरून, तो प्रति युनिट ०.७२७ किलो आहे. त्याच्या आदल्या वर्षी ०.७१६ होता. म्हणजे ब्रिटिश गुणांक वापरल्याने आमचे उत्सर्जन तिपटीहून अधिक कमी दिसत होते. कमी दिसणारी चूक कोणी शोधत नाही, हा हिशेबातला जुना अनुभव आहे. नफा जास्त दिसला तर मालक विचारत नाहीत, कमी दिसला तरच विचारतात. हाच आकडा ग्राहकाकडे गेला असता आणि त्यांच्या तपासनिसाने पकडला असता, तर आमच्या बाकीच्या ४२ उत्तरांवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

दुसरी चूक शोधायला थोडा अधिक वेळ लागला, आणि ती महाराष्ट्रातील प्रत्येक उच्चदाब ग्राहकाने पाहून घ्यावी अशी आहे. एप्रिल २०२० पासून महावितरणचे उच्चदाब बिल केव्हीएएचवर, म्हणजे भासमान ऊर्जेवर, येते. बिलावर ठळक छापलेले आणि रुपयांशी जुळणारे युनिट हे केव्हीएएच असतात. उत्सर्जन गुणांक मात्र केडब्ल्यूएचला, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेला लागतो. सॉफ्टवेअरचे बिल वाचणारे यंत्र पीडीएफमधून पहिला मोठा आकडा उचलत होते. आमचा पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएचला केव्हीएएचने भागून येणारा आकडा) ०.९८ च्या आसपास राहतो, म्हणून फरक दोनच टक्क्यांचा: ७३ लाख ५० हजारांऐवजी ७२ लाख युनिट. पण त्या दोन टक्क्यांचे १०९ टन होतात, आणि आमच्या वर्षभराच्या १८,००० लिटर डिझेलचे, लिटरला २.६८ किलो या दराने, सारे मिळून ४८ टनच होतात. ज्या डिझेलच्या नोंदवहीसाठी आम्ही वायरमनच्या मागे महिनाभर लागलो होतो, तिच्या दुपटीहून मोठी चूक एका रकान्यात बसली होती. पॉवर फॅक्टर ०.९० असलेल्या कारखान्यात ती किती मोठी होईल, ते वाचकांनी स्वतः काढावे.

दोन्ही दुरुस्त्यांनंतर विजेचा आकडा ५,२३४ टन झाला. कंपनीने वाद न घालता चार दिवसांत बदल केले आणि लेखी दिलगिरी कळवली, याची नोंद करायला हवी. पण जुना आकडा पुसून त्या जागी नवा आला. कोणी, केव्हा, का बदलला याची खूण कोठेच उरली नाही. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि आम्ही चहाच्या व्हाउचरमध्ये दहा रुपये दुरुस्त केले तरी ते दिसते. ३,७०० टनांचा फरक मात्र मागमूस न ठेवता नाहीसा होतो. माझ्या मते या सेवेतील हा सर्वांत गंभीर दोष आहे, चुकीच्या गुणांकापेक्षाही.

मालकांना नवा आकडा दाखवायला मी दोन दिवस लावले. त्यांनी तो पाहिला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आपला सगळा कार्बन विजेचाच की हो.” ते खरेच आहे. डिझेल, गॅस, कोअरचा वायू आणि एसीची गळती मिळून आमचा स्कोप १ जेमतेम १५५ टनांचा आहे. कोकवर (भाजलेल्या कोळशावर) चालणाऱ्या क्युपोला भट्ट्या असलेल्या शेजाऱ्यांचे चित्र याच्या उलट असते; त्यांचा कोळसा आवारातच जळतो.

मग ओघानेच सौरऊर्जेचा विषय आला. आमच्या शेडवर ५०० किलोवॅटचे पॅनेल आहेत आणि ते वर्षाला सुमारे ७ लाख युनिट देतात. सॉफ्टवेअरने या युनिटांना ०.७२७ ने गुणून ५०९ टन ‘वाचवले’ असे दाखवले, आणि ते एकूण उत्सर्जनातून वजा केले. पण आम्ही भरलेले ७२ लाख युनिट हे ग्रिडकडून घेतलेलेच होते. छतावरचे युनिट त्यात मुळातच नव्हते. एकदा न घेतलेली वीज पुन्हा एकदा वजा करणे म्हणजे न काढलेल्या कर्जाची परतफेड जमेला धरण्यासारखे आहे. हे मी अभियंत्याला फोनवर सांगितले, तेव्हा तो क्षणभर थांबून हसला आणि म्हणाला, “काका, हे सगळ्यांच्याच अहवालात असंच जातंय.” आमच्या अहवालात तो आकडा आता वेगळ्या ओळीत, केवळ माहितीसाठी आहे.

स्कोप २ दोन प्रकारे मांडायचा असतो, हे जीएचजी प्रोटोकॉलच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे, आणि अहवालातला हा भाग खरोखर नेटका आहे. ज्या ग्रिडवर आपण आहोत त्याच्या सरासरीने काढलेला आकडा स्थानाधारित, आणि आपण कोणाकडून कोणत्या कराराने वीज घेतो त्यावरून काढलेला तो बाजाराधारित. उदाहरण आमचेच देतो. राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये हरित विजेचा पर्याय मंजूर केला, तेव्हा त्यासाठी प्रति युनिट ६६ पैसे जादा ठरले होते. त्या दराने आम्हाला वर्षाला साडेसत्तेचाळीस लाख रुपये अधिक मोजावे लागले असते आणि आमचा बाजाराधारित आकडा शून्य झाला असता. स्थानाधारित आकडा ५,२३४ वर तसाच राहिला असता, कारण आमच्या भट्टीत येणारा प्रवाह त्याच तारांतून, त्याच ग्रिडमधून येतो. दोन्ही आकडे शेजारी छापले की वाचणाऱ्याला पैसे कोठे गेले आणि धूर कोठे राहिला, ते दिसते. फक्त शून्य छापणारे अहवाल मी आता वेगळ्या नजरेने वाचतो. याच तक्त्यामुळे आणखी एक गोष्ट ध्यानात आली: ग्रिडचा गुणांक ०.७१६ वरून ०.७२७ वर गेला, तेव्हा एकही युनिट जास्त न वापरता आमच्या खात्यावर ७९ टन वाढले. ती वाढ आमची नाही, पण लिहायची आम्हालाच.

स्कोप ३ मध्ये मात्र सेवा उघडी पडते. पिग आयर्न (खनिजापासून नव्याने काढलेले कच्चे लोखंड) आणि स्क्रॅप, म्हणजे भंगार, हा आमचा मुख्य कच्चा माल आणि त्यातले उत्सर्जन मोठे असणार हे उघड आहे. सॉफ्टवेअरने त्यासाठी खर्चाधारित पद्धत वापरली: खरेदीचे रुपये डॉलरमध्ये करायचे आणि त्या उद्योगाच्या डॉलरमागील सरासरी उत्सर्जनाने गुणायचे. सहामाही अहवालात आमचे स्क्रॅपचे उत्सर्जन ९ टक्के वाढलेले दिसले. त्या सहा महिन्यांत आम्ही स्क्रॅप कमी घेतला होता. वाढला होता तो भाव. व्यापाऱ्याने दर चढवला की आमचा कार्बन चढतो आणि रुपया घसरला की उतरतो, असा हा प्रकार. कार्यालयीन स्टेशनरीला किंवा विमा हप्त्याला ही पद्धत चालून जाईल. ज्या मालाचे वजनकाट्याचे पावतीपुस्तक आपल्याकडे आहे, त्याला ती लावणे हा आळस आहे. आम्ही टनांवर आधारित हिशेब मागून घेतला. त्यातही प्रश्न आहेतच. भंगार वितळवणाऱ्याने ते पोलाद पहिल्यांदा बनवतानाचे उत्सर्जन आपल्या अंगावर घ्यायचे की नाही? प्रचलित पद्धतीत घेत नाहीत. गोळा करणे, कापणे, वाहतूक एवढेच धरतात. पिग आयर्नचा भार मात्र पूर्ण येतो. या एका नियमामुळे चार्जमधील, म्हणजे भट्टीत भरायच्या मालातील, पिग आयर्न कमी करून स्क्रॅप वाढवणे हा आमच्यासाठी कागदावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. पण कास्टिंगच्या ग्रेडला तो मानवेल की नाही, हे मेटलर्जिस्टला विचारावे लागते, डॅशबोर्डला नव्हे.

उरलेल्या प्रकारांवर थोडक्यात. वीज वाहून आणताना होणारी गळती आणि कोळसा खाणीतून काढतानाचे उत्सर्जन स्कोप ३ च्या तिसऱ्या प्रकारात जाते. ते सॉफ्टवेअरने बरोबर धरले. कामगारांच्या ये-जा करण्याचा फॉर्म दीड पानांचा आणि इंग्रजीत होता. आम्ही तो मराठीत चार ओळींचा केला, तेव्हा उत्तरे आली. विकलेल्या वस्तूच्या वापरात ग्राहकाच्या पंपाची पंधरा वर्षांची वीज आमच्या केसिंगच्या (पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या) माथी मारण्याचा एक प्रयत्न झाला होता, तो अभियंत्यानेच मोडून काढला.

जर्मन ग्राहकाच्या निमित्ताने युरोपच्या सीमाकराचाही, म्हणजे आयात मालावर त्यातील कार्बनप्रमाणे लागणाऱ्या आकाराचाही, प्रश्न आला. सीबॅम नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रणेत ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यायची होती आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन हे तिचे विषय. सेवा विकताना आम्हाला याचीच भीती घालण्यात आली होती. पण मूळ यादी जकातीच्या कोडमधील चार आकडी शीर्षकांनुसार वाचली, तर बोल्ट-स्क्रूचे ७३१८ आणि लोखंडाच्या इतर वस्तूंचे ७३२६ तीत आहे. आमची बहुतेक निर्यात ज्याखाली जाते ते ओतीव वस्तूंचे ७३२५ नाही. ‘पोलाद म्हणजे सीबॅम’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याने आमचे शिपिंग बिल एकदाही मागितले नव्हते. इचलकरंजी-कोल्हापूर पट्ट्यातील निर्यातदारांनी सल्लागाराला पैसे देण्याआधी आपल्या मालाचा आठ आकडी कोड पाहावा; त्याला काही खर्च येत नाही.

वर्षअखेरीस अहवाल आला तो ५८ पानांचा, आणि सोबत एक प्रस्ताव: ५,४०० कार्बन क्रेडिट (दुसरीकडे एकेक टन उत्सर्जन टळल्याचे विकाऊ दाखले) टनाला १८० रुपयांनी घ्या, आम्ही तुम्हाला ‘कार्बन न्यूट्रल’ प्रमाणपत्र देतो. पावणेदहा लाखांच्या आसपास प्रकरण होते, आणि गेटवर लावायच्या फलकाचा नमुनाही जोडला होता. मालकांना फलक आवडला. मी विरोध केला, आणि तो का ते येथे लिहितो. कार्बन न्यूट्रल म्हणजे आपण जेवढे सोडले तेवढ्या टनांची क्रेडिट दुसरीकडून विकत घेऊन हिशेब शून्य दाखवणे. आपली भट्टी आणि तिची वीज आहे तशी राहिली तरी ते जमते. नेट झिरो ही वेगळी चीज आहे. कंपन्यांची उत्सर्जन घटवण्याची उद्दिष्टे तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणलेल्या मानकानुसार दीर्घ मुदतीत उत्सर्जन सुमारे ९० टक्के प्रत्यक्ष घटवायचे असते, आणि उरलेले हवेतून कार्बन काढून कायमचे साठवूनच मिटवायचे असते. प्रस्तावातील क्रेडिट तर जुन्या पवनचक्क्यांची होती. त्या चक्क्या आमच्या पैशांशिवायही फिरतच होत्या; मग आमच्या १८० रुपयांनी जगात नवीन काय घटले? शिवाय युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार क्रेडिटच्या आधारे वस्तूला कार्बन न्यूट्रल म्हणून विकणे २७ सप्टेंबर २०२६ पासून निषिद्ध होत आहे, आणि आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. फलक रंगवून घेतला नाही.

अहवालावर ‘पडताळणी केलेला’ असा शिक्काही होता. पडताळणी कोणी केली, असे विचारल्यावर कळले की त्याच कंपनीच्या दुसऱ्या विभागाने. उत्तरपत्रिका लिहून देणारा आणि तपासणारा एकाच घरचा असेल, तर त्या शिक्क्याला काय अर्थ? मी ग्राहकाला पाठवलेल्या प्रतीवरून तो काढून टाकायला लावला आणि त्या जागी ‘अंतर्गत संकलन, स्वतंत्र पडताळणी झालेली नाही’ असे लिहिले. ग्राहकाने त्यावर काहीही हरकत घेतली नाही.

एक गोष्ट मात्र या अहवालाने चांगली पुढे आणली, आणि ती मला आधी माहीत नव्हती असे कबूल केले पाहिजे. आमचे विक्रीयोग्य कास्टिंगमागील उत्सर्जन टनाला ०.९० टन आहे. आधीच्या वर्षाची बिले काढून तेच गणित केले, तेव्हा तीव्रता, म्हणजे हे टनामागील उत्सर्जन, ४ टक्क्यांनी घटलेली आणि एकूण उत्सर्जन ६ टक्क्यांनी वाढलेले निघाले. माल जास्त गेला होता. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर त्यांपैकी एकच, हिरव्या बाणासह, येते. पहिले पान आपल्याला निवडता येते हे मला फार उशिरा कळले. तीव्रता घटण्याचे कारण शोधताना बाद मालाचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले. ते मोल्डिंग विभागाने वाळूची ओल दर तासाला तपासायला सुरुवात केल्यामुळे झाले होते आणि त्यात कार्बनचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. बाद झालेले प्रत्येक कास्टिंग पुन्हा वितळवताना तीच ६०० युनिटांच्या दराची वीज पुन्हा खाते, हे आता मोल्डिंगचे सुपरवायझर स्वतःच नव्या मुलांना सांगतात.

ही सेवा घ्यावी का, असे शेजारच्या दोन कारखान्यांनी मला विचारले आहे. प्रशिक्षण घ्या, पण दुसऱ्या दिवसाचेच, आणि कारखान्यात उभे राहून. साहित्य मराठीत द्यायची अट आधीच घाला. आमच्या वेळी सारे इंग्रजीत होते आणि मला रात्री बसून शब्दांची यादी करावी लागली. सॉफ्टवेअरची गरज एकाच आवाराच्या आणि एकाच वीज मीटरच्या कारखान्याला आहे, असे मला वाटत नाही. जीएचजी प्रोटोकॉलची एक्सेल साधने फुकट मिळतात, विद्युत प्राधिकरणाचा गुणांक फुकट मिळतो आणि बारा बिले भरायला एक दुपार पुरते. तीन-चार कारखाने, अनेक गोदामे आणि स्वतःच्या गाड्या असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मात्र बदलांची नोंद ठेवणारेच सॉफ्टवेअर मागावे.

दुसऱ्या वर्षासाठी आम्ही करार १ लाख ४० हजारांवर आणला आहे. त्यात अभियंत्याच्या चार भेटी आहेत, एक मराठी प्रशिक्षण आहे, सॉफ्टवेअर नाही, आणि प्रत्येक गुणांकाशेजारी त्याचे वर्ष व देश लिहिण्याची अट आहे. डिझेलच्या नोंदवहीत वायरमनने स्वतःहून एक रकाना वाढवला आहे: टाकीत महिनाअखेरीस उरलेले लिटर. पिग आयर्नच्या पुरवठादाराला त्यांच्या मालाचे उत्सर्जन विचारणारे पत्र आम्ही ऑगस्टमध्ये पाठवले होते. त्याचे उत्तर अजून आलेले नाही, म्हणून त्या ओळीपुढे आमच्या तक्त्यात ‘अंदाज’ असे लाल शाईत लिहिलेले आहे.